मदत हवी आहे: नाइटक्लबच्या वेबसाइटवर पहिल्या स्क्रीनवर काय असावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात वेबसाइट बनवायची कामं घेतो. आजवर कोचिंग क्लास, दवाखाने, दोन सावजी भोजनालयं केली. आता पहिल्यांदाच एका नाइटक्लबचं काम आलंय, आणि मालकांशी माझं एका मुद्द्यावर जमत नाहीये.

त्यांना हवाय उघडताच डान्सफ्लोअरचा व्हिडिओ आणि मागे डीजेचा ट्रॅक. "भाऊ, साइट उघडली की माणसाला आत आल्यासारखं वाटलं पाहिजे." म्हणणं चूक नाही. जागा खरंच देखणी आहे, लाइटिंगवर त्यांनी जीव ओतलाय. पण जुन्या साइटवरही असाच व्हिडिओ आहे, ३८ एमबीचा. तो सुरू होईपर्यंत फोनवर नुसता अंधार. आवाज तर येतच नाही, कारण आपोआप वाजणारा आवाज क्रोम २०१८ पासून अडवतं.

काम सुरू करण्याआधी एका शनिवारी मी नऊ ते साडेअकरा गेटपाशी उभा राहिलो. कामठीहून पाच मुलं कॅब करून आली. एकाचा वाढदिवस होता, नव्या शर्टाच्या घड्या अजून दिसत होत्या. बाउन्सर म्हणाला, आज स्टॅग एन्ट्री नाही, म्हणजे सोबत मुलगी नसलेल्या मुलांना आत घेणार नाहीत. त्या मुलाने फोन पुढे धरला, "दादा, साइटवर तर कुठंच लिहिलं नाही." स्क्रीनवर क्लबचीच साइट होती आणि त्यावर ३१ डिसेंबरच्या पार्टीचं पोस्टर. मार्च चालू होता. पोरं थोडा वेळ रस्त्याकडेला उभी राहिली, मग दुसरी कॅब बोलावून निघून गेली.

तेव्हापासून मला वाटतं, ही साइट बघणारा माणूस घरी निवांत बसलेला नसतो. तो त्याच रात्री, रस्त्यात, मित्रांच्या घोळक्यात फोन उघडतो. आज चालू आहे का, कोण वाजवतंय, आत जायला किती लागतील आणि आपल्याला घेतील का, एवढं त्याला हवं असतं. हे मालकांना पटवायचं कसं?

स्टॅगचा नियम उघड लिहिला तर गिऱ्हाईक तुटेल असं त्यांना वाटतं. खरंच तुटतं का? आणि दर आठवड्याचा कार्यक्रम बदलणार कोण? मॅनेजरकडे फक्त मोबाइल आहे, कॉम्प्युटरला तो हात लावत नाही. ज्यांनी हॉटेल-पबची कामं केली आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी पुण्यात एका पबचं बुकिंग तीन वर्षं सांभाळलं. नियम लिहाच. आम्ही कव्हर चार्ज (आत जायचे पैसे), आणि त्यातले किती पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, हे वरच लिहिलं, तर गेटवरची भांडणं कमी झाली. ज्याला आत घेणारच नाही तो तुमचं गिऱ्हाईक कधी नव्हताच, पण दारातून परत पाठवलेला माणूस पुढच्या वेळी कपलमध्येही येत नाही.

मॅनेजरसाठी एक गूगल शीट करा: तारीख, डीजे, कव्हर, एन्ट्री. चारच रकाने, फोनवरून भरता येतात. साइटने त्यातूनच वाचावं आणि तारीख उलटली की ती ओळ आपोआप गायब व्हावी. जुनं पोस्टर काढायला माणूस लागतो, म्हणून ते राहून जातं.

व्हिडिओ पूर्ण काढू नका. आधी एक चांगला फोटो दिसू द्या, आठ-दहा सेकंदांची मूक क्लिप मागाहून लोड होऊ द्या. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा मापदंड आहे. मेन्यू पीडीएफमध्ये ठेवू नका, अंधारात बोटांनी मोठा करून कोणी वाचत नाही. पानाच्या कोडमध्ये स्कीमा टाका, म्हणजे ही जागा कशाची आहे हे गूगलला सांगणारी माहिती; त्यात 'नाइटक्लब' असा वेगळा प्रकारच आहे. वेळा गूगल मॅप्सवर आहेत त्याच साइटवर हव्यात.

आणि भाऊ, दारूच्या ऑफर साइटवर अजिबात नको. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. वय मात्र ठळक लिहा: बिअर-वाइनसाठी २१, कडक मद्यासाठी २५. ओळखपत्र लागेल हेही तिथंच. २ ऑक्टोबरसारखे ड्राय डे त्याच शीटमध्ये आधीच भरून ठेवा.

प्रतिसाद २

मी धरमपेठेत राहते. मैत्रिणींबरोबर जायचं ठरलं की मी आधी बंद व्हायची वेळ बघते आणि पार्किंग गेटपासून किती लांब आहे ते. इतक्या रात्री मेट्रो नसते, त्यामुळे कॅब नेमकी कुठे थांबते हे लिहिलं तर फार बरं. आणि गॅलरीत पाहुण्यांचे फोटो न विचारता टाकू नका. माझा एकदा असाच एका क्लबच्या साइटवर आला होता. काढून घ्यायला आठवडा गेला आणि तोवर तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून झाला होता.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल मालकांना फोनवर दोन नमुने दाखवले. त्यांच्याच हातात फोन देऊन विचारलं, शनिवारी एन्ट्री कितीला आहे ते शोधा. व्हिडिओवाल्या पानावर त्यांना ते सापडलं नाही. शीट आणि फोटो त्यांनी मान्य केलं. गॅलरीत आता फक्त रिकाम्या जागेचे आणि डीजेचे फोटो राहतील. ताई, कॅबची जागा नकाशासकट टाकतोय.

स्टॅगच्या ओळीवर मात्र ते अजून अडून आहेत. दुखावणार नाही पण संदिग्धही राहणार नाही, अशी ही ओळ कशी लिहावी? कोणी नमुना देऊ शकेल का?