एनडीव्हीआय २५ कसा येतो? (पऱ्हाटी, सेंटिनेल-२, ज्युपिटर नोटबुक)

दिग्रसचा पऱ्हाटीवाला:
नमस्कार. घरची चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. नाल्याकडच्या पट्ट्यात लाल्या (पानं लाल पडण्याची विकृती) दरवर्षी आधी येतो, असं बाबा सांगतात. ते मला सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवर तारखेवार पाहायचं आहे. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, नेट मोबाइलचं. ऑक्टोबरची एक टाइल (चित्राचा ठरावीक चौकोनी तुकडा) दोन रात्री जागून उतरवली. बँड ४ (लाल प्रकाश) आणि बँड ८ (जवळचा अवरक्त) ज्युपिटर नोटबुकमध्ये (पायथन कोड तुकड्यातुकड्यानं चालवायचं साधन) उघडून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढला: (बँड ८ − बँड ४) भागिले (बँड ८ + बँड ४). वावरात ०.५ च्या आसपास येतो, पण अरुणावती धरणाच्या पाण्यावर चक्क २५! उणे एक ते एकच्या बाहेर आकडा जायलाच नको ना? आणि नोटबुकातला तोच सेल (कोडचा तुकडा) पुन्हा चालवला की लॅपटॉप गोठतो. कुठं चुकतंय?

नकाशावाला, अमरावती:
सूत्र बरोबर आहे, आकड्यांचा प्रकार चुकतोय. फाइलमधले आकडे १६ बिटांचे, बिनउणे पूर्णांक असतात, त्यांत उणे आकडा मावत नाही; तो ६५,५३६ मिळवून येतो. पाण्यावर बँड ८ कमी असतो. १२०० मधून १४०० वजा केले की उणे २०० ऐवजी ६५,३३६ मिळतात. त्याला २६०० ने भागलं की झाले २५. वजाबाकीच्या आधी दोन्ही बँड फ्लोट३२ (दशांश आणि उणे आकडे चालणारा प्रकार) करून घ्या.

वावरातला ०.५ सुद्धा खरा नाही, भाऊ. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० जास्तीचे मिळवलेले असतात. ४५०० आणि १५०० वरून ०.५ येतो, तेच १००० काढून ३५०० आणि ५०० घेतले तर ०.७५. पऱ्हाटी उगाच मरगळलेली दिसते.

वर्ध्याची ताई:
लॅपटॉप गोठणारच. टाइल १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलची. फ्लोट केली की एकेका बँडला ४८० एमबी लागते. तुझं वावर मात्र जेमतेम १६० पिक्सेलचं! रास्टेरिओत (अशा फाइली वाचायची पायथन लायब्ररी) विंडो, म्हणजे हवा तो चौकोन, देऊन तेवढाच तुकडा वाच. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश तसेच देऊ नकोस, आधी टाइलच्या यूटीएम झोनमध्ये (मीटरनं मोजणाऱ्या नकाशा-पट्ट्यात) बदल. झोन बदलणारी ७८ अंश रेखांशाची रेघ तुमच्या जिल्ह्यातूनच जाते: दिग्रस ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. मी यात एक अख्खा रविवार घालवला होता, विंडो रिकामीच यायची. पुढची टाइल गूगल कोलॅबमध्येच (गूगलच्या संगणकावर चालणारी नोटबुक) उतरव, तुझा डेटा वाचेल. आणि धुऱ्यालगतचे पिक्सेल सोड, बाभळीचा हिरवेपणा त्यात मिसळतो.

दिग्रसचा पऱ्हाटीवाला:
भाऊ, ताई, जमलं! पाणी उणे आलं, वावर ०.७ च्या वर. नाल्याकडच्या दोन ओळी पिक्सेल ०.५८ वर आहेत, बाबांनी बोटानं दाखवली तीच जागा. आता सप्टेंबरची चित्रं घेतो. ढगाळ पिक्सेल वगळायला एससीएल थर (कुठला पिक्सेल ढग, सावली, पाणी की झाडोरा ते सांगणारा) वापरू ना? त्याचा पिक्सेल २० मीटरचा आहे, १० मीटरच्या बँडवर कसा बसवायचा?

वर्ध्याची ताई:
हो, तोच. निअरेस्ट पद्धतीनं (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचाच आकडा उचलून) बसव. त्यातले आकडे म्हणजे वर्गांची नावं आहेत, त्यांची सरासरी काढायची नसते. ३, ८, ९, १० वगळ. ८, ९, १० म्हणजे ढग; ३ म्हणजे ढगाची सावली, ती विसरू नकोस. सावलीतली पऱ्हाटी लाल्यासारखीच फसवते.