‘पुढे काय करायचं?’ हे तुम्हाला कसं कळलं?

काहींना म्हणे विशीतच कळतं. बाकीच्यांचं काय? तुम्हाला कधी, कशामुळे कळलं, ते लिहा. यशोगाथा नकोत, त्या पेपरात रोज येतात. अजून कळलं नसेल तर तसंही लिहा.

आधी पुणे, आता गावी
राज्यसेवेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत राहायचो. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची. खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३८ पर्यंत परीक्षा देता येते, त्यामुळे ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणायला वाव राहतोच. प्रीलिम निघायची, मेन्सला गाडी अडायची. घरून पैसे मागायची लाज वाटायला लागली, म्हणून एका छोट्या क्लासमध्ये सीसॅटचं, म्हणजे प्रीलिमच्या दुसऱ्या पेपरचं, गणित शिकवायला घेतलं. पेपर नुसता पात्रतेपुरता, पण ३३ टक्के तर पडायलाच हवेत, आणि कला शाखेची पोरं शेकडेवारी म्हटलं की पेन खाली ठेवायची.

एके दिवशी सूत्रं बाजूला ठेवून बाजार समितीतली कांद्याची पट्टीच फळ्यावर लिहिली. इतके क्विंटल, असा भाव. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती? वर्गात बहुतेक शेतकऱ्यांचीच मुलं. मागच्या बाकावरून एक जण तावातावाने ओरडला, ‘सर, हमाली एवढी कमी नसते!’ मग त्याच्या गावचा आकडा, दुसऱ्याच्या गावचा आकडा, नुसता कालवा. पण त्या तासाला पेन कुणीच खाली ठेवलं नाही.

रात्री खोलीवर आलो तो राज्यघटना न उघडता दुसऱ्या दिवसासाठी अशीच गणितं काढत बसलो. पुढचा फॉर्म भरला नाही. आता तालुक्याला शिकवणी घेतो. मामा अजून लग्नकार्यात ‘काय साहेब’ म्हणून टोमणे मारतात. मारू देत.

नाशिक
नववीत लग्न झालं. लेक कॉलेजात गेल्यावर तिनेच मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीचा फॉर्म आणला. दहावी-बारावी नसली तरी तो अभ्यासक्रम करून बी.ए.ला जाता यायचं. ध्येयबिय काही नव्हतं. बँकेतली स्लिप कुणाच्या हातापाया न पडता भरता यावी, एवढंच. बी.ए. झाले. आता बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं, आणि आमचे हे स्वतःची स्लिप मलाच भरायला लावतात.

नागपूर
मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांच्या संस्थेचं श्रमसंस्कार शिबिर भरतं, मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात! मित्र निघाला म्हणून गेलो. सकाळी कुदळ-फावडं. ही जमीन कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांनी कसायला घेतलेली. बोटं झडलेले एक आजोबा फावड्याचा दांडा मनगटात धरून माती ओढत होते, आणि मी हाताला आलेले फोड मोजत होतो. म्हणून सगळं सोडून समाजसेवेला लागलो असं नाही. इंजिनीअरिंग पूर्ण केलं, नोकरी करतो. पण वर्षातली काही रजा त्या शिबिरासाठी राखलेली असते, तिला हात लावत नाही.

वास्को
मला नाही कळलेलं. बँकेत चिकटलो, निवृत्तही झालो. सध्या पेटी शिकतोय, भजनी मंडळात साथीला बसायचंय. श्रावणात आमच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. बुवा म्हणाले, पहाटे तीनला या, त्या वेळी पेटीवाले मिळत नाहीत, तुमचंही चालून जाईल.