मदत हवी आहे : मॉडेलमध्ये घाटमाथ्याचा पाऊस पायथ्याशी पडतो, अशा मॉडेलवरून तापमानवाढीचे अनुमान काढावे का?

नमस्कार. डब्ल्यूआरएफ या प्रादेशिक हवामान-मॉडेलच्या (ठरावीक प्रदेशाच्या हवेचे गणित करणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या) साहाय्याने मी २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीचा अभ्यास करत आहे. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तीही याच पावसात. हवा एक-दोन अंशांनी अधिक उष्ण असती तर हाच पाऊस किती आणि कुठे पडला असता, हे मला तपासायचे आहे. मात्र त्याआधीच एक अडचण उभी राहिली असून त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

मांडणी नेहमीचीच आहे. २७, ९ आणि ३ किलोमीटर जाळीची (म्हणजे मॉडेल ज्या चौकोनांवर गणित करते, त्यांच्या बाजूची) तीन क्षेत्रे एकात एक बसवली आहेत. सुरुवातीची आणि सीमेवरची स्थिती ईआरए-५ या पुनर्विश्लेषणातून, म्हणजे निरीक्षणे आणि मॉडेल यांची सांगड घालून तयार केलेल्या गतकाळाच्या हवामान-माहितीतून, घेतली आहे. बाहेरच्या दोन क्षेत्रांत अभिसरणी ढगांसाठी, म्हणजे हवा वर चढून बनणाऱ्या आणि जाळीत न मावणाऱ्या ढगांचा परिणाम अंदाजाने धरण्यासाठी, केन-फ्रिट्श पद्धत चालू आहे. ३ किलोमीटरच्या क्षेत्रात ती बंद ठेवली आहे, कारण तेवढ्या बारीक जाळीवर मोठे ढग मॉडेलने स्वतःच घडवणे अपेक्षित असते.

सावित्री आणि कोयनेच्या वरच्या खोऱ्यांचा एकत्रित पाऊस मॉडेल बऱ्यापैकी पकडते. परंतु सर्वाधिक पावसाचा पट्टा घाटमाथ्यावर न येता पश्चिमेच्या पायथ्याशी येतो आणि महाबळेश्वरचा आकडा नोंदीपेक्षा बराच कमी राहतो. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार तीन वाजता सुरू होतो. तुलना त्याच वेळांनुसार केली असल्यामुळे हा घोळ घड्याळाचा नाही.

मला दोन कारणे संभवतात. पहिले कारण भूरूपाचे. पोलादपूरच्या सखल भागातून महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीपर्यंतचा चढ हवाई अंतराने साधारण २० किलोमीटरांत पूर्ण होतो. या अंतरात ३ किलोमीटरच्या जाळीचे जेमतेम सहा-सात चौकोन मावतात. त्यातच गणित स्थिर राहावे म्हणून भूरूप आणखी गुळगुळीत केले जाते, त्यामुळे मॉडेलमधला सह्याद्री खऱ्यापेक्षा बुटका आणि कमी उताराचा होतो. दुसरे कारण ढगांच्या सूक्ष्मभौतिकीचे, म्हणजे ढगात थेंब आणि हिमकण कसे बनतात व पडतात याचे आहे आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. सेकंदाला सहा मीटर वेगाने खाली येणाऱ्या थेंबाला तीन किलोमीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा त्याला दहा किलोमीटर पूर्वेकडे नेतो. हिमकण याहून कितीतरी सावकाश पडतात आणि म्हणून अधिक दूर जातात. म्हणजे मॉडेलने थेंब थोडे लवकर बनवले, किंवा हिमकणांचा वाटा कमी धरला, तर पावसाचा पट्टा घाटमाथ्यावरून पायथ्याशी येण्यासाठी एवढे कारण पुरते.

माझा खरा प्रश्न येथून सुरू होतो. तापमानवाढीच्या प्रयोगासाठी मी ईआरए-५ मधील तापमानात आणि समुद्रपृष्ठाच्या तापमानात जागतिक मॉडेलांनी दाखवलेला सरासरी बदल मिळवणार आहे. सापेक्ष आर्द्रता तीच ठेवल्यास हवेतील बाष्प दर अंशामागे सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यानंतर आजचा आणि उष्ण हवेतला अशा दोन पावसांतील फरक काढायचा. फरक काढताना मॉडेलचा दोष दोन्हीकडून वजा होतो, असे या पद्धतीत सहसा गृहीत धरले जाते. येथे ते गृहीत धरावे का, याची मला शंका आहे. हवा तापली की शून्य अंशाची पातळी वर सरकते, हिमकणांचा वाटा घटतो आणि पाऊस आणखी पश्चिमेला पडू शकतो. ज्या प्रक्रियेत मॉडेल आज चुकते, तीच प्रक्रिया तापमानाबरोबर बदलणार असेल, तर तो दोष वजा कसा होईल? दरडी घाटउतारांवरच कोसळतात. तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने पाऊस दहा टक्के वाढला यापेक्षा तो दहा किलोमीटर सरकला, हे उत्तर अधिक मोलाचे ठरू शकते. म्हणून संपूर्ण खोऱ्याची सरासरी देऊन ही शंका झाकणे मला योग्य वाटत नाही.

सह्याद्रीवर ज्यांनी अशी मॉडेले चालवली आहेत, त्यांनी कृपया सांगावे : उपलब्ध संगणकीय वेळ १ किलोमीटरचे चौथे क्षेत्र जोडण्यात घालवावा, की ३ किलोमीटरवरच दोन-तीन वेगळ्या सूक्ष्मभौतिकी पद्धती आणि सुरुवातीच्या निरनिराळ्या वेळा घेऊन बरेच प्रयोग करावेत? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण निव्वळ सुरुवातीची वेळ बदलल्याने पडणारा फरक तापमानवाढीच्या फरकाहून मोठा निघाला, तर एकाच प्रयोगाच्या उत्तराला अर्थ उरणार नाही. ९ किलोमीटरच्या क्षेत्रात जाळीच्या आकारानुसार आपला प्रभाव कमी करणारी ग्रेल-फ्रेटास पद्धत केन-फ्रिट्शपेक्षा बरी चालते का, हेही कळले तर उपयोग होईल.

शेवटची विनंती निरीक्षणांबाबत आहे. उपग्रहांवर आधारित पावसाचे अंदाज डोंगराळ भागात तोकडे पडतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर पावसाच्या पट्ट्याची जागा ठरवता येत नाही. कोयनानगर आणि नवजा येथील दैनंदिन आकडे मिळतात, परंतु मला पोलादपूर ते महाबळेश्वर या पट्ट्यातील त्या दिवसाच्या ताशी नोंदी हव्या आहेत. त्या अभ्यासासाठी कोणत्या कार्यालयाकडे, कशा स्वरूपाचा अर्ज करून मागाव्यात? मॉडेलची नेमलिस्ट (मांडणीची फाइल) आणि पावसाचे नकाशे कोणाला पाहायचे असल्यास येथे जोडतो.