ग्रांटच्या ऑडिटला लाभार्थ्यांची नावं न देता कसं भागवायचं?

मदत हवी आहे. एका छोट्या मानवाधिकार गटाचे हिशेब बघते. आम्हाला अमेरिकन पैसा एका मोठ्या संस्थेमार्फत सब-ग्रांट म्हणून यायचा, जानेवारी २०२५ ला तिकडे परदेशी मदत ९० दिवस गोठवली आणि मग आमचा करारच रद्द झाला. ते असो, पण जेवढा खर्च झालाय त्याचं ऑडिट आता चालू आहे आणि तिथेच अडलंय.

कोठडीतल्या मारहाणीची तक्रार सांगायला जे लोक आले त्यांना बसभाडं रोख दिलं. ऑडिटरला हजेरीपत्रक हवंय, नाव, फोन, सही सगळं. उद्या तो कागद कुणाच्या हातात पडेल ते आम्ही सांगू शकत नाही.

नावांऐवजी कोड दिले, नाही चाललं. नावांवर काळी पट्टी मारून झेरॉक्स दिली तर म्हणे पैसे घेणाऱ्याची सही दिसत नाही म्हणजे खर्च नामंजूर. आमची ग्रांट बघणारे प्रोग्राम ऑफिसर फोनवर "चालेल" म्हणतात, ईमेलवर लिहून देत नाहीत (हे नेहमीचंच). बँकेतून द्यायला हवे होते हे प्लीज सांगू नका, त्यात तर नाव अजूनच राहतं.

मूळ कागद ऑडिटरने आमच्याच ऑफिसात बसून बघायचे, कॉपी न्यायची नाही, त्याच्या फाइलमध्ये फक्त कोड, असं कुणी मान्य करून घेतलंय का? आणि नवीन देणगीदाराच्या करारात सही करण्याआधी हे नेमकं कुठल्या शब्दांत घालायचं?