अब्दुल्ला इब्राहिम: ‘मॅनेनबर्ग’पर्यंतचा प्रवास

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेचे पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिम यांचे ‘मॅनेनबर्ग’ हे वादन नुकतेच ऐकले. त्यातला पियानो काहीसा पत्र्यासारखा वाजतो. हा ध्वनिमुद्रणातला दोष आहे की तसे मुद्दाम केले आहे? त्यांच्या वाटचालीविषयीही कृपया लिहावे.

प्रतिसाद १: दोष मुळीच नाही. १९७४ साली केपटाऊनमध्ये हे मुद्रण झाले, तेव्हा उभ्या पियानोच्या तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना टाचण्या लावल्या होत्या, म्हणून प्रत्येक स्वराला ती धातूची किनार आली. त्यावर बेसिल कुट्झी यांचा सॅक्सोफोन इतका निवांत चालतो, की तेरा मिनिटे कशी सरली ते कळत नाही. वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी ही धून आपलीशी केली.

प्रतिसाद २: थोडे आधीचे सांगतो. इब्राहिम यांचा जन्म १९३४, केपटाऊन; तेव्हा त्यांना डॉलर ब्रँड म्हणत. ह्यू मासेकेला, किपी मोएकेत्सी आदींसह त्यांनी ‘जॅझ एपिसल्स’ हा वाद्यवृंद उभारला. शार्पव्हिल येथे पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर दडपशाही वाढली आणि १९६२ साली ते युरोपात गेले. पुढच्याच वर्षी झुरिकमध्ये गायिका सथिमा बी बेंजामिन यांनी विख्यात अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांना गळ घालून इब्राहिम यांचे वादन ऐकायला आणले, आणि त्यातूनच पॅरिसमधले ध्वनिमुद्रण घडले. पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या सथिमांचे हे श्रेय फार कमी लोक देतात, याची मला खंत वाटते.

प्रतिसाद ३: १९६८ च्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला, त्यावरून हे नाव आले. १९९४ साली मंडेलांच्या शपथविधीच्या सोहळ्यातही ते वाजवायला होते.