मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० ला घरीच टर्बो इनलेट बसवतोय

मंडळी, गाडी स्कोडाची, २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन आहे. टर्बोत हवा नेणाऱ्या मूळ प्लास्टिकच्या एल्बोच्या (वाकड्या नळीच्या) जागी अ‍ॅल्युमिनियमचा मोठा इनलेट घालायचाय. एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आणि पाइप निघाले. एल्बोचा एक टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) बोल्ट सुटला, दुसऱ्यापर्यंत हातच पोचत नाही. बिट तिरका बसतो, जोर लावला तर डोकं गोल होईल अशी धास्ती वाटते. लांब एक्स्टेन्शनला युनिव्हर्सल जॉइंट लावून जमेल का, की आजूबाजूचं आणखी काही काढावं लागेल?

इनलेटच्या जोडावरची ओ-रिंग (रबरी सील) कोरडी बसवता की इंजिन ऑइलचं बोट फिरवून? ती चिमटली तर फिल्टरला वळसा घालून धूळ थेट टर्बोतल्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर जाणार, म्हणून जिवाला घोर लागलाय. बोल्ट किती न्यूटन मीटरला आवळायचे? टर्बोचं तोंड सध्या स्वच्छ फडक्याने झाकलंय. ज्यांनी स्वतः बसवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.