बल्कला संकेत देणे हा शेवटचा पर्याय असावा

सेन्सरचा संकेत वाढवणाऱ्या MOS ॲम्प्लिफायरचा पुरवठा १ व्होल्ट आणि थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारा गेट-व्होल्टेज) ०.४५ व्होल्ट असेल, तर संकेत गेटला, म्हणजे नेहमीच्या नियंत्रक टोकाला, न देता बल्कला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तळाच्या सिलिकॉनला द्यावा, अशी सूचना केली जाते; ती मला घाईची वाटते. आधी इनपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांची जोडी वीक इन्व्हर्जनमध्ये, म्हणजे थ्रेशोल्डखाली अगदी कमी प्रवाहावर, चालवून पाहावी. तिथे सॅच्युरेशनला (प्रवाह जवळपास स्थिर राहण्याच्या अवस्थेला) साधारण ०.१ व्होल्ट पुरतो आणि दर मायक्रोअँपिअरमागे सुमारे २५ मायक्रोसीमेन्स ट्रान्सकंडक्टन्स (इनपुट व्होल्टेज बदलल्यावर प्रवाह किती बदलतो ते माप) मिळतो. जोडीला एकूण १ मायक्रोअँपिअर दिला, तर प्रत्येक बाजूला १२.५ मायक्रोसीमेन्स येतात आणि ॲम्प्लिफायर स्थिर ठेवणाऱ्या २ पिकोफॅरडच्या मिलर कपॅसिटरसह गेन-बँडविड्थ (गेन आणि बँडविड्थ यांचा गुणाकार) १ मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचते. बल्ककडून त्याच प्रवाहात जेमतेम पाव ते तृतीयांश ट्रान्सकंडक्टन्स हाती लागतो. बँडविड्थ त्याच प्रमाणात घटते आणि इनपुटवर मांडलेला नॉइज तितक्याच पटीने वाढतो, जो सेन्सरच्या पहिल्या टप्प्यात मुळीच परवडत नाही. वीक इन्व्हर्जनसाठी ट्रान्झिस्टर रुंद करावे लागतात, हे खरे; तरी आधी तोच मार्ग पाहावा. कॉमन-मोडची, म्हणजे दोन्ही इनपुटची सामाईक पातळी कमी पुरवठ्यात बसवण्याची, अडचण उरलीच, तर संकेत उलटा करून देणारी इन्व्हर्टिंग रचना घ्यावी, कारण तिच्यात इनपुटची पातळी जागची हलत नाही. तिथे फीडबॅकचे रोध लहान ठेवले तर वाचवलेला प्रवाह त्यांतच जातो आणि मोठे ठेवले तर त्यांचाच नॉइज वरचढ होतो; म्हणून कपॅसिटरचा फीडबॅक बरा, फक्त इनपुटला डीसी पातळी देणारा उच्च रोधाचा मार्ग विसरू नये.